कवड्या की मण्यार? पट्टे नीट बघा

पावसाळ्यात घरात शिरलेला पट्ट्यांचा साप दिसला की तो मण्यारच, असं समजून त्याला काठीने मारलं जातं. पुष्कळदा तो बिनविषारी कवड्या असतो. पालींच्या मागावर तो खडबडीत भिंत सहज चढतो आणि दाराच्या फटीतून आत येतो. ओळख पटवायची तर पट्टे कुठे ठळक आहेत ते बघा. कवड्याचा रंग तपकिरी. त्याचे पिवळसर-पांढरे पट्टे मानेजवळ ठसठशीत असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार काळीभोर, चकचकीत. तिचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीने येतात, डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक उठून दिसतात. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळही असते, पण ती बघायला जवळ जाऊ नका!

कुणी म्हणेल, अंधारात एवढं कोण बघणार? शंका रास्त आहे. मण्यारीच्या पिल्लांचे पट्टे मानेपासूनच असू शकतात, म्हणून एकाच खुणेवर विसंबणं धोक्याचंच. पण त्यावर मारणं हा उपाय नाही. काठी घेऊन जवळ जाणाराच चाव्याच्या टप्प्यात येतो. लांबून फोटो काढा, मुलांना दूर ठेवा, सापावर नजर ठेवून सर्पमित्राला बोलवा. चावा झालाच तर ओळखीच्या वादात न पडता थेट रुग्णालय गाठा, कारण मण्यारीचा दंश अनेकदा दुखतही नाही.