पट्टे, बारकाई आणि नजर

● माप : हात लांब करून पाहिलेले करंगळीचे नख डोळ्यापाशी साधारण १ अंशाचा कोन करते. तेवढ्या जागेत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या किती जोड्या मावतात, यावर नक्षीची बारकाई मोजतात.

● नजरेचा कस : अंशाला २ ते ५ जोड्या असतील, तर अगदी फिके पट्टेही ओळखू येतात. पट्टे त्याहून खूप रुंद किंवा बारीक असतील, तर काळ्या-पांढऱ्यातला फरक ठळक लागतो.

● मर्यादा : ५०-६० जोड्यांच्या पुढे निरोगी डोळ्यालाही नुसता करडा रंग दिसतो.

● मेंदूचा वाटा : ठरावीक कलाच्या रेषांनाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांना मांजराच्या मेंदूत आढळल्या. १९८१च्या नोबेल पुरस्कारात दोघांचा वाटा होता. जाड आणि बारीक पट्ट्यांसाठी दृष्टियंत्रणेत वेगवेगळ्या वाहिन्या असाव्यात, असे फर्गस कॅम्पबेल व जॉन रॉबसन यांनी १९६८मध्ये मांडले.

● हे लक्षात ठेवा : तक्त्यावरची अक्षरे वाचता येतात, पण तिन्हीसांजेला पायरीची कड दिसत नाही, असे मोतीबिंदू किंवा काचबिंदूतही होऊ शकते. नेत्रतज्ज्ञांना तसे आवर्जून सांगा.