वासुदेवाचा प्याला आणि आमचे मासे

हौशी माणसाने मासे पाळायला घेतले, की थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात येते की आपण मासे पाळीत नसून पाणी पाळीत आहोत. मासे आपले आपण जगतात. जपावे लागते ते पाणी. त्यातून गोल्डफिश म्हणजे मोठे खादाड. जितके खाणे, तितकीच घाण, आणि त्या घाणीतून पाण्यात अमोनिया उतरतो. दगडांवर, कापसावर वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करून टाकतात. या जंतूंना राहायला जागा जितकी जास्त, तितके मासे सुखी. टाकीच्या कोपऱ्यात बुडबुडे काढीत बसलेल्या चिमुकल्या फिल्टरात ही जागा ती किती असणार? चाळीतल्या एका खोलीत लग्नाचे वऱ्हाड उतरवण्यापैकीच तो प्रकार!

म्हणून जाणकार मंडळी टाकीखालच्या कपाटात दुसरी टाकी ठेवतात. तिचे नाव ‘संप’. हा शब्द मी घरात प्रथम उच्चारला तेव्हा आमच्या वडिलांनी (त्यांचा जन्म गिरणगावात गेलेला) वर्तमानपत्र खाली ठेवून विचारले, “कोणाचा?”

या संपाचे काम सोपे आहे. वरच्या टाकीतले पाणी आपोआप खाली यायचे, कापसातून आणि चिनीमातीच्या कड्यांतून गाळून निघायचे, आणि पंपाने पुन्हा वर जायचे. पाणी वर चढवणे हा काही प्रश्न नाही. बाजारात पंप मिळतात. प्रश्न आहे तो खाली आणण्याचा. त्यासाठी टाकीच्या काचेला भोक हवे. साध्या काचेला हिऱ्याच्या कणांची करवत लावून, पाणी सोडीत सोडीत, ते पाडता येते. पण काच जर भट्टीत तापवून कडक केलेली असेल, तर करवत टेकताच तिचे दाणे दाणे होतात. आमच्या टाकीची काच कोणत्या जातीची, हे विकणाऱ्यालाही सांगता येईना. तेव्हा भोकाचा विचार तेथेच सोडला.

मग उरली वक्रनळी. काठावरून चढून पलीकडे उतरणारी, पाण्याने भरलेली नळी. आपल्याकडे हिची ओळख फार जुनी आहे. वासुदेवाचा प्याला आठवून पाहा! प्याल्यात पाणी ओतत जावे. ते चढत चढत वासुदेवाच्या डोक्यावरल्या बाळकृष्णाच्या पायाला लागले, की यमुना ओसरावी तसे सगळे पाणी भुर्रकन खाली निघून जाते. मूर्तीच्या पोटात लपवलेल्या वाकड्या नळीची ती करामत.

पण माशांच्या टाकीला वासुदेवाचा प्याला जसाच्या तसा चालायचा नाही. तो एकदा सुरू झाला की तळ गाठूनच थांबतो. नुसती रबरी नळी काठावरून सोडली, तर वीज गेल्यावर पंप थांबेल, नळी मात्र थांबणार नाही. सकाळी मासे कोरड्या रेतीवर आणि पाणी सगळे घरभर!

यावरचा तोडगा मोठा सुबक आहे. दोन लहान डबे घ्यायचे. एक टाकीच्या आत काठाला टांगायचा, दुसरा बाहेर. आतल्या डब्याच्या वरच्या कडेला फणीसारखे दाते. त्यांतून पाणी आत सांडते, मासे येत नाहीत. दोन्ही डबे उलट्या ‘यू’च्या नळीने जोडायचे. बाहेरच्या डब्यात निचऱ्याचा एक उभा पाइप; त्याचे तोंड नळीच्या टोकापेक्षा वर. आता वीज गेली तर काय होईल? टाकीतले पाणी दात्यांच्या तळापर्यंत उतरेल आणि थांबेल. डब्यांतले पाणी उभ्या पाइपाच्या तोंडाशी येऊन थबकेल. नळीची दोन्ही टोके बुडालेलीच राहतात, नळी भरलेलीच राहते. वीज येताच दात्यांतून पाणी पुन्हा सांडू लागते आणि गाडी चालू.

येथवर सारे गोड. खरी मेख आहे ती बुडबुड्यांची. पाण्याबरोबर हवेचे कण नळीत शिरतात. वेग चांगला असेल तर ते वाहून जातात. वेग मंद असेल तर नळीच्या माथ्यावर जमतात, आणि एक दिवस ती हवा इतकी होते की पाण्याची साखळीच तुटते. नळी थांबली, पंप चालूच! म्हणून नळी जाड असली की चांगली, हा समज खोटा. एकीऐवजी दोन नळ्या लावल्या म्हणजे दुप्पट निर्धास्त, असेही नाही. पाणी दोघींत वाटले गेले की दोघींचाही वेग निम्मा. माझ्या पंपाच्या डब्यावर ताशी १५०० लिटर असे लिहिले होते. चार फूट चढून आलेले पाणी मी बादलीत धरले, तर दहा लिटरला बावन्न सेकंद लागले. म्हणजे ताशी ६९० लिटर. नळी बेतायची ती या आकड्यावर, डब्यावरच्या नव्हे.

आमच्या घरात या सर्व प्रकाराला सौ.ची संमती होती, पण अटीवर. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दिवाणखान्याचे छत नुकतेच नवे करून घेतले होते. शिवाय गणपतीला आम्ही चार दिवस कोकणात जाणार; घर बंद. “वीज गेली तर काय, आणि नळी तुटली तर काय, हे मला कागदावर दाखवा,” ती म्हणाली.

दाखवले. टाकी ३६ इंच लांब, १८ रुंद. म्हणजे इंचभर पाणी साडेदहा लिटरांच्या थोडे वर. संप २४ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच. त्यातल्या आडव्या काचा दहा इंचांच्या, आणि पंपाच्या आठ इंची कप्प्यात पाणी आठ इंच. वीज गेली की वरचे इंचभर पाणी खाली येणार, आणि संप बारा इंचांच्या आसपास भरणार. तीन इंच मोकळे. परतीच्या पाइपाचे तोंड मात्र पाण्याच्या पृष्ठभागालगतच हवे. खोल बुडवले तर तोच उलटा होऊन टाकी उपसू लागतो. तेथे एकमार्गी झडप बसवतात, पण तिच्यात शेवाळ अडकले की ती मिटत नाही. माझा तिच्यावर भरवसा नाही.

आणि नळी तुटली तर? पंप फक्त आपल्या कप्प्यातले पाणी उपसू शकतो. ते सहा इंच, साडेनऊ लिटर. वरच्या टाकीत ते इंचाहून थोडे कमीच चढते. मी काठाशी दोन इंच मोकळे ठेवले होते. म्हणजे पंप कोरडा पडून जळेल कदाचित, पण काकूंच्या छताला ओल येणार नाही.

कागदावर तिचे समाधान झाले नाही. एका रविवारी कपाटाखाली वर्तमानपत्रे अंथरून तिने स्वतः बटण बारा वेळा बंद-चालू केले. तेराव्या वेळी नळीत मुद्दाम हवा सोडली आणि पंप चालूच ठेवून घड्याळ पाहत उभी राहिली. पाणी चढले, काठाच्या इंचभर खाली थांबले, पंप खरखरू लागला. वर्तमानपत्र कोरडे. मग कोकणची तिकिटे काढली.

दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. पाण्याची वाफ होते ती वरच्या टाकीत दिसत नाही, सारी पंपाच्या कप्प्यात उतरते. तेव्हा भर घालायची ती तेथे, आणि ठरल्या खुणेच्या वर नाही. अधिक घातले की वरचा सगळा हिशेब चुकतो. दुसरे, नळी महिन्यातून एकदा बाटलीच्या ब्रशाने धुवावी. परत बसवताना तिच्यातली हवा पातळ रबरी नळीने ओढून काढतात. त्यासाठी औषधाच्या दुकानातून मोठी पिचकारी आणावी. तोंडानेही ओढता येते, पण माशांच्या पाण्याची चव दुपारच्या चहापर्यंत जिभेवर राहते.