भिंतीलाही कान होते!

आमच्या बँकेच्या शाखेत पाच पुरुष, आम्ही तिघी आणि शिपाई मावशी. सहलीचं दरवर्षी नुसतं बोलणं व्हायचं. पुरुषमंडळींना मुक्कामी जायचं असायचं आणि आमचं गाडं ‘घरी कसं विचारायचं?’वर अडायचं. यंदा आम्हीच म्हटलं, विजापूरला जाऊ. सोलापूरहून जेमतेम शंभर किलोमीटर, सकाळी निघून रात्री परत. २०१४ पासून शहराचं सरकारी नाव विजयपुर झालंय, पण आमच्याकडे तोंडात अजून विजापूरच!

डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. त्याआधी घरच्यांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकलेला, हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नकोच.

शाळांच्या सहली यायच्या आत गोलघुमट गाठला. मुहम्मद आदिलशहाची ही कबर. तो १६५६ मध्ये वारला. चारी कोपऱ्यांवर सात-सात मजली मिनार, त्यातल्या अरुंद जिन्यानं वर चढायचं. गुडघे दुखतात म्हणून मावशी खाली थांबतील असं वाटलं होतं. पण त्या सगळ्यांच्या आधी वर! “रोज तुमच्या फायली घेऊन जिना चढते, त्यापेक्षा हा बरा,” म्हणाल्या.

घुमटाच्या आत गोल सज्जा आहे. इथं भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं, तरी समोरच्या बाजूला भिंतीला कान लावणाऱ्याला ऐकू येतं. मधलं अंतर चांगलं ३८ मीटरच्या आसपास. गोल भिंतीच्या कडेकडेनं आवाज सरकत जातो, विरत नाही. आमच्यातल्या पुरुषांनी आधी शिट्ट्या मारल्या. मारणारच! मग साहेब पलीकडे गेले आणि भिंतीला कान लावून म्हणाले, “बोला.”

कॅशियर ताई पुढे झाल्या. बावीस वर्षं नोकरी, आजवर एक रुपयाची चूक नाही. पण प्रमोशन नको, असं दोनदा लिहून दिलेलं, कारण प्रमोशन म्हणजे बदली. त्या पदर सावरून भिंतीशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “यंदा मी अर्ज करणार आहे. घरी अजून सांगितलं नाही.”

शेजारी उभ्या आम्हा दोघींनाही ते ऐकू आलं. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग भिंतीतून साहेबांचा आवाज आला, “सोमवारी फॉर्म घ्या.” समोरासमोर त्यांच्या टेबलाशी उभं राहून हे बोलणं ताईंना बावीस वर्षांत जमलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

दुपारी इब्राहिम रोझा बघितला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं तो राणी ताज सुलतानासाठी बांधायला घेतला, पण १६२७ मध्ये आधी तोच गेला. दगडी जाळ्यांवरची अक्षरं बघताना मान अवघडली, तरी हलवेना. याच इब्राहिमच्या लहानपणी त्याच्या काकूनं, चांदबिबीनं, विजापूरचा कारभार बघितला. तिच्या नावाची चांद बावडीही गावात आहे. ती मूळची नगरची निजामशाहीची लेक, इथं सून म्हणून आलेली. नवरा १५८० मध्ये मारला गेला, पुतण्या लहान. पुढे माहेरी परतून १५९५-९६ मध्ये अकबराच्या फौजेपुढे तिनं नगरचा किल्ला लढवला. मी हे सांगत होते तर कॅशियर ताई म्हणाल्या, “म्हणजे बाईची दोनदा बदली झाली की!” केवढ्या हसलो!

जेवायला खानावळीत ज्वारीची रोट्टी आणि भरल्या वांग्याचं एण्णेगायी. आमचे डबे गाडीतच राहिले. वाढणारी दुसरी बाई आणि आपण बसून, हे सुख फार दिवसांनी मिळालं.

परतताना अंधार पडला तशी मुलं पेंगलेल्या आवाजात फोनवर ‘कधी येणार’ विचारू लागली. कॅशियर ताई खिडकीशी बसून पंढरपूरची पहिली एस.टी. किती वाजता सुटते, ते क्लार्क मुलाला विचारत होत्या.

सोमवारी त्यांनी फॉर्म घेतला, गुरुवारी भरून दिला. घरी सांगितल्यावर यजमान एवढंच म्हणाले, “मग डबा कोण करणार?” त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. फॉर्म मात्र मुख्य कार्यालयाकडे गेलाय.