राणीच्या शब्दाचा हिशेब

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या रुंद, पांढऱ्या पायऱ्या अनेकांच्या ओळखीच्या आहेत. संध्याकाळी तिथे मुलामुलींचे घोळके निवांत बसलेले असतात. ही इमारत म्हणजे जुना टाउन हॉल. १ नोव्हेंबर १८५८ रोजी याच पायऱ्यांवरून व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला गेला. त्याच दिवशी अलाहाबादला लॉर्ड कॅनिंगने तो वाचला. त्याची भाषांतरं देशभर पोहोचली आणि लोकांना कळलं, की कंपनी सरकार संपलं, आता राणीचं राज्य आलं.

सत्तावनच्या उठावाने इंग्रज हादरले होते. पार्लमेंटने ऑगस्ट १८५८ मध्ये कायदा करून हिंदुस्थानचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडून काढून घेतला. जाहीरनाम्याचा पहिला मसुदा राणीला पसंत पडला नाही. सत्तेच्या जोरावर आम्ही तुमचे धर्म आणि चालीरीती मोडू शकतो, असा सूर त्यात होता. एवढ्या रक्तपातानंतर एक स्त्री कोट्यवधी प्रजेशी प्रथमच बोलते आहे, तेव्हा शब्दांत औदार्य आणि माया हवी, असं तिने पंतप्रधान डर्बीला कळवलं. मसुदा नव्याने लिहिला गेला. व्यापारी कंपनीच्या जागी आईसारखी राणी उभी राहिली, ती अशी.

जाहीरनाम्यातली सगळीच वचनं पोकळ होती, असं म्हणणं अन्यायाचं होईल. संस्थानिकांना दिलेला शब्द बऱ्याच अंशी पाळला गेला. औरस वारस नाही, म्हणून गव्हर्नर जनरल डलहौसीने १८४८ मध्ये साताऱ्याची गादी खालसा केली होती. पुढे नागपूर गेलं, झाशी गेली. लक्ष्मीबाईंचा दत्तक मुलगा कंपनीने मानला नाही, तो याच न्यायाने. आता दत्तकाला मान्यता मिळाली. म्हणूनच कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक जाऊन सयाजीराव झाला आणि कागलच्या घाटग्यांचा मुलगा १८८४ मध्ये कोल्हापूरला शाहू महाराज झाला. डलहौसीचं धोरण टिकलं असतं, तर या दोघांच्या हातून झालेलं शिक्षणाचं आणि समाजसुधारणेचं काम आपल्या वाट्याला आलं असतं का?

पण हा शब्द पाळण्यात सरकारचाही फायदा होता. उठावात बरेच राजे इंग्रजांच्या बाजूने राहिले होते, त्यांना सांभाळणं गरजेचं होतं. सामान्य प्रजेला दिलेल्या वचनाची गोष्ट मात्र वेगळी झाली. वंश किंवा धर्म न पाहता लायकीप्रमाणे सरकारी नोकरी मिळेल, असं जाहीरनामा सांगत होता. मात्र त्याला ‘शक्य तितपत’ अशी पुस्ती जोडलेली होती. सगळी गोम या दोन शब्दांत होती. सनदी नोकरीची परीक्षा लंडनमध्येच होत असे. बोटीचा खर्च, समुद्रप्रवासाचा विटाळ, परकी भाषा, हे सगळं ओलांडून १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झाले. ते पहिले हिंदी सनदी अधिकारी. मग १८७६ मध्ये वयाची अट २१ वरून १९ वर आणण्याचं ठरलं. दार उघडं आहे म्हणायचं आणि उंबरा वाढवत न्यायचा, असा हा प्रकार होता.

पैशाचा हिशेबही पाहिला पाहिजे. कंपनी गेली, तरी तिच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश मिळत राहिला. १८७४ पर्यंत तो हिंदुस्थानच्या महसुलातून दिला गेला. लंडनमध्ये बसून कारभार पाहणाऱ्या भारतमंत्र्याचा पगारही १९१९ च्या कायद्यापर्यंत इथल्याच तिजोरीतून जात होता. माया राणीची होती, पण खर्च रयतेचा होता.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरला आणि राणीला ‘कैसर-इ-हिंद’ म्हणून जाहीर करण्यात आलं. राणी स्वतः आली नव्हती. व्हाइसरॉय लिटनसमोर राजेरजवाडे जरीच्या पोशाखात बसले होते आणि तेव्हाच दख्खनमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती. त्या झगमगाटात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत हजर राहिले. सभेने मागणी केली, की इंग्रज प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे, तोच हिंदी प्रजेला द्यावा. काकांनी जाहीरनाम्याकडे कृपा म्हणून पाहिलं नाही. सावकाराकडे खत असतं तसं ते वचन त्यांनी राज्यकर्त्यांपुढे ठेवलं.

अकरा वर्षांनी पुण्यात राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानाच्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात गेले. दागिन्यांनी मढलेली ही मंडळी म्हणजे हा देश नव्हे, खरी प्रजा खेड्यात आहे, हे तुमच्या आईला सांगा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. जोशी आणि फुले यांच्या वाटा वेगळ्या होत्या. पण दोघांनीही राणीला तिच्याच शब्दांची आठवण करून दिली.

या मायेचं खरं रूप १८९७ मध्ये उघडं पडलं. राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव होता. प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलुमाने पुणं पोळलं होतं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीतल्या सरकारी समारंभातून परतताना प्लेगचा बंदोबस्त पाहणारा अधिकारी रँड याच्यावर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली. पुढच्याच महिन्यात ‘केसरी’तल्या लेखनावरून टिळकांना अटक झाली. खटल्याचं नाव होतं ‘क्वीन एम्प्रेस विरुद्ध बाळ गंगाधर टिळक’. दंडसंहितेचं कलम होतं १२४-अ. सरकारविषयी अप्रीती निर्माण करणं, हा त्यातला गुन्हा. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितलं, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. प्रजेने प्रेम केलंच पाहिजे, आणि ते आटलं तर तुरुंग आहे! आईच्या नात्याने सुरू झालेलं बोलणं ३९ वर्षांत इथवर येऊन ठेपलं.

राणीच्या शब्दात मुळातच एक उणीव होती. तो मोडला, तर दाद मागायला कोर्ट नव्हतं. राजाराणीचं औदार्य कितीही मनापासूनचं असलं, तरी ते देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. आपल्या राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदात सरकारी नोकरीत समान संधीची हमी आहे. धर्म, वंश, जात, लिंग यांवरून भेदभाव करता येत नाही. जाहीरनाम्यातलंच ते वचन, पण आता ‘शक्य तितपत’ ही पुस्ती गेली आहे आणि ते मोडलं तर बत्तिसाव्या अनुच्छेदाने थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. सार्वजनिक काका जाडीभरडी बंडी घालून दिल्लीला जे मागायला गेले होते, ते हेच.