फेरातील मोकळी जागा

मुलाबाळांकडे परदेशी जाऊन पाच-सहा महिने राहणाऱ्या आईवडिलांची संख्या आपल्या समाजात आता थोडी राहिलेली नाही. जन्मभर पेढीवर बसून गिऱ्हाईक, दलाल आणि आडते यांच्या वर्दळीत वावरलेल्या गृहस्थाला अमेरिकेच्या उपनगरातील ते स्वच्छ, शांत घर पहिले पंधरा दिवस सुखावते आणि पुढे खायला उठते. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, मोटार चालविता येत नाही आणि शेजारी लांबूनच हात हलवून जातो. पती निवर्तलेल्या मातेची स्थिती तर अधिकच अवघड. रविवारी जैन केंद्रातील पूजा व स्वाध्याय यांचा आधार असतो. परंतु उरलेले सहा दिवस घड्याळाकडे पाहण्यात जातात.

अशांसाठी तेथील अनेक शहरांतून चालणारा एक जुना उपक्रम जाणून घेण्यासारखा आहे. तो म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकनृत्याचे हौशी मंडळ. आठवड्यातून एकदा शाळेच्या, चर्चच्या किंवा ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या सभागृहात काही मंडळी जमतात आणि बल्गेरिया, सर्बिया, ग्रीस, रुमानिया, इस्राएल अशा देशांची लोकनृत्ये करतात. तेथे रंगमंच नसतो, प्रेक्षक नसतात, स्पर्धाही नसते. बरीचशी नृत्ये हातात हात घालून रांगेत किंवा वर्तुळात होतात; त्यांना जोडीदार लागत नाही. नागपंचमीला झाडाखाली फेर धरलेल्या आपल्याकडील स्त्रियांना हे दृश्य मुळीच परके वाटणार नाही.

या चळवळीचा इतिहासही बोलका आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे १९३८ मध्ये चिनी वंशाच्या साँग चँग यांनी असे मंडळ सुरू केले. न्यूयॉर्क येथे युक्रेनी कुटुंबात वाढलेल्या मायकेल हर्मन यांनी पत्नी मेरी ॲन यांच्यासह हे कार्य पुढे नेले. १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातील मंडळांचा महासंघ झाला आणि १९४८ पासून स्टॉक्टन येथे लोकनृत्याचे शिबिर भरू लागले. देशांतर करून आलेल्या घराण्यांतील माणसांनी आपापल्या गावचे फेर एकमेकांना शिकविले, हेच या चळवळीचे मूळ भांडवल. काही नृत्ये तर त्या नव्या भूमीतच जन्मली. ग्रीक म्हणून प्रसिद्ध असलेले 'मिसिर्लू' हे नृत्य १९४५ मध्ये पिट्सबर्ग येथे, क्रीट बेटावरील जुन्या नृत्याच्या चालीवरून घडले. परक्या भूमीत आलेल्यांचा हा फेर असल्यामुळे नव्याने आलेल्या माणसाकडे तेथे कुतूहलाने पाहिले जाते, संशयाने नव्हे.

प्रवेशाची रीत साधी आहे. दारात अल्प वर्गणी द्यावी आणि बहुधा प्रारंभीच होणाऱ्या सोप्या नृत्यांच्या शिकवणीला वेळेवर हजर राहावे. फेराचे नेतृत्व सामान्यतः उजव्या टोकाच्या व्यक्तीकडे असते. नवागताने शेवटच्या टोकाला हात जोडावा, किंवा रांगेच्या मागे उभे राहून पुढच्यांची पावले पाहत चालावे. तीच तेथील पाठशाळा. बहुतेक फेर उजवीकडे, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट दिशेने सरकतात, म्हणून आरंभी पाय गोंधळतात. चुकले तरी थांबू नये, हात सोडून कोणास खेचू नये, एवढीच शिस्त. बूट मऊ तळव्याचे असावेत. गुडघे दुखत असतील तर उड्यांची नृत्ये बसून पाहावीत आणि हृदयविकार असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

भारतीय कानाला एक लाभ आपोआप मिळतो. बाल्कन प्रदेशातील सात मात्रांच्या चाली तेथील नवशिक्यांना फार अवघड जातात. परंतु मॅसिडोनियातील 'लेस्नोतो' या नृत्याची तीन-दोन-दोन ही विभागणी म्हणजे आपल्या रूपक तालाचीच. भजनी ठेक्यावर वाढलेल्या माणसाचे पाऊल तेथे लवकर बसते.

आपल्या घरांतून तीन शंका हटकून निघतात. पहिली, परपुरुषाचा हात धरण्याची. रांगेत कोणाशेजारी उभे राहावे हे आपल्याच हाती असते, आणि जोडीने करावयाची नृत्ये सोडून देता येतात; त्याचे कोणास वैषम्य वाटत नाही. दुसरी शंका चौविहाराची. जून महिन्यात सॅन फ्रान्सिस्को परिसरात सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो. हिवाळ्यात मात्र तो पाचच्या आसपास होत असल्याने जेवण उरकूनच निघावे लागते. मध्यंतरातील फराळात अंडी वा कंदमुळे असू शकतात. त्यास नम्रपणे नकार द्यावा आणि पर्युषणात सुट्टी घ्यावी. तिसरी शंका सर्वांत जड: "या वयात नाच? लोक काय म्हणतील?"

ही शंका बहुधा स्त्रियांच्याच वाट्याला येते. पती गेल्यानंतर ज्या बाईने गावच्या फेरात पाऊल टाकले नाही, मंगलकार्यातही जी मागच्या खुर्चीवर बसून राहिली, तिला नियम कोणी लिहून दिलेला नव्हता. तो तिने स्वतःच ओळखून घेतला. त्या परक्या सभागृहात मात्र तिला कोणी सौभाग्य विचारीत नाही. शेजारचा हात पुढे होतो आणि ती उभी राहते. २००३ मध्ये न्यूयॉर्क येथील संशोधकांनी पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ४६९ व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि आठवड्यातील एका संध्याकाळची वाट पाहणे, हेदेखील आरोग्यच होय.

शिवाय हा व्यवहार एकतर्फी नाही. या मंडळांतील अनेकांचे केस आता पांढरे झाले आहेत आणि नव्या माणसाची त्यांनाही गरज आहे. चार फेर शिकलेल्या बाईने एखाद्या दिवशी आपला झिम्मा शिकवावा, टाळ्यांची जोडी लावून दाखवावी. घेतलेल्याची अशी परतफेड करावी, हीच तर आपल्या घराण्यांची रीत आहे.

मुलांनीही एवढे करावे: आईला तिकीट पाठविताना जवळचे मंडळ कोठे भरते ते आधी पाहून ठेवावे, आणि पहिल्या दिवशी तिला दारापर्यंत सोडून न जाता आत जाऊन तिच्याबरोबर एक फेर धरावा.