कुंड्यांतील वनस्पतींची हिवाळी निगा

कुंड्यांतील वनस्पतींची हिवाळी निगा : ज्या प्रदेशांत हिवाळ्यात तापमान दीर्घकाळ गोठणबिंदूखाली राहते, तेथे कुंड्या, लाकडी पेट्या इत्यादींत वाढविलेल्या बहुवर्षायू वनस्पती जगविण्यासाठी करावयाची पूर्वतयारी. यूरोप व उत्तर अमेरिका यांच्या थंड भागांत ती नित्याची बाब आहे.

कुंडीतील झाड जमिनीतील झाडापेक्षा लवकर दगावते, ते मुळांमुळे. शरद ऋतूत खोड व कळ्या हळूहळू काटक बनतात. मुळे तितकी बनत नाहीत. अनेक झुडपांच्या फांद्या –२०° से. तापमानही सोसतात, परंतु त्यांचीच कोवळी मुळे –५° ते –१०° से.च्या दरम्यान मरतात. जमिनीत मुळांना खालच्या मातीची ऊब मिळते; कुंडीत थंडी सर्व बाजूंनी शिरते. वसंतात पालवी फुटून झाड एकाएकी सुकते, ते पुष्कळदा मुळे आधीच मेलेली असल्यामुळे. यास्तव स्थानिक हवामानाच्या मानाने बऱ्याच अधिक थंड प्रदेशात टिकणारी जातीच कुंडीसाठी निवडणे इष्ट होय.

उन्हाळ्याच्या अखेरीस नत्रयुक्त खत बंद करतात, कारण उशिरा फुटलेले कोवळे धुमारे थंडीत जळतात. डेलियाचे कंद काढून कोरड्या, थंड जागी ठेवतात. उरलेल्या कुंड्या भिंतीच्या आडोशाला एकमेकींस भिडवून त्यांभोवती पेंढा वा पालापाचोळा भरतात. त्या जमिनीत काठापर्यंत पुरल्यास अधिक चांगले. वर पडलेले हिम झाडू नये, तेही पांघरुणाचे काम करते. माती गोठण्यापूर्वी पाणी द्यावे. गोठलेल्या मातीतून मुळांना पाणी मिळत नाही व सदापर्णी झाडे वाऱ्याने शुष्क होतात. पाणी साचू देणेही घातक, कारण गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते व सच्छिद्र मातीच्या कुंड्या तडकतात.

नाजूक झाडे आतच हलवावी लागतात. व्हर्साय येथे चौदाव्या लुईसाठी १६८४–८६ मध्ये बांधलेल्या नारंगीगृहात पेट्यांतील झाडे ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत ठेवतात. जाड भिंती व दक्षिणाभिमुख उंच खिडक्या यांमुळे तेथे पाणी गोठत नाही.

महाराष्ट्रात अशी तयारी सहसा लागत नाही. येथील हिवाळा शेवंती, फ्लॉक्स, पिटुनिया यांच्या बहराचा असतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ क्वचित दव गोठते, तेव्हा रोपे रात्रीपुरती झाकली तरी भागते.