लाल अक्षरांतला निरोप



शेजारच्या मावशींच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या. कुपात खोलिमच्या साइटवर त्यांनी तीनदा फॉर्म भरला, तीनदा लाल अक्षरांत हिब्रू ओळ आली. त्यांना वाटलं, आपल्याला गोळ्या नाकारल्या. चार दिवस तशाच राहिल्या! मी वाचलं तर 'सादे खोवा', म्हणजे ही जागा भरायलाच हवी. फोन नंबर राहिला होता, एवढंच.

असे निरोप दोन ठिकाणांहून येतात. इंटरनेट बंद पडल्यावर येतो तो आपल्याच ब्राउझरचा. फोनची भाषा मराठी केली की क्रोम तो मराठीत दाखवतो. साइटचा निरोप मात्र साइटवाल्यांनी ज्या भाषांत लिहून ठेवलाय, त्यांतच येणार. ब्राउझर त्यांना आपली भाषा कळवतो, पण तिकडे मराठी नसेल तर तो काय करणार? भाषा बदलायचं बटण शोधा. इंग्रजी, अरबी, रशियन पुष्कळदा असते.

आकडे सगळीकडे तेच. वॉर्डात तापाचा आकडा कुठल्याही भाषेच्या डॉक्टरला कळायचा ना, तसं. ४०४ म्हणजे पान सापडलं नाही. ५०० म्हणजे बिघाड त्यांच्याकडे, तुमची चूक नाही. थोड्या वेळाने बघा.

तेउदात झेहूतचा नंबर ९ आकडी लागतो. तुमचा ८ आकडी असेल तर सुरुवातीला ० घाला.

तरीही अडलं तर स्क्रीनचा फोटो नातवंडांना पाठवा. पण गोळ्या बंद ठेवू नका, सरळ फार्मसीत जाऊन विचारा.